अकरा सर्टिफिकेटं आणि एक बटण

मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकांच्या ऑनलाइन ट्रेनिंगबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर कळवा म्हणून. वाटलं चार-पाच जण लिहितील. इतकं आलं की दोन रविवार वाचण्यातच गेले. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, सारखी पत्रं एकत्र केलीत, गावं ठेवलीत आणि माणसांची नावं काढलीत.

प्रश्न : ताई, मी सिंहगड रोडला बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळेत सहा वर्षं शिकवतेय. वय २९, मला तू म्हणालात तरी चालेल. लॉकडाऊनपासून आत्तापर्यंत माझी अकरा ऑनलाइन सर्टिफिकेटं झालीत. आता रजिस्ट्रेशन रिन्यूला आलंय तर त्यातल्या सातांचे पॉइंटच धरत नाहीत म्हणे. आणि खरं सांगू का, त्याहून जास्त त्रास दुसऱ्याच गोष्टीचा होतोय. वर्गात अकरा वर्षांचा एक मुलगा आहे, शर्टाचं बटण लावायला शिकवतेय, ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं सगळं केलं, जून ते डिसेंबर गेला, अजून लावत नाही. माझं चुकतंय कुठे?

बरं, तू म्हणते. आधी पॉइंटचं उरकून टाकू, कारण ते रडगाणं दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं असतंच. आपलं रजिस्ट्रेशन आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असतं, १९९२ च्या कायद्याने आलेली संस्था, आणि रिन्यू करायला पाच वर्षांत १०० सीआरई पॉइंट, म्हणजे नोकरीत असताना शिकत राहिल्याचे पॉइंट, लागतात. हे पॉइंट विषय किती चांगला यावर मिळत नाहीत, मान्यतेवर मिळतात. कोर्स कितीही भारी असू दे, साता समुद्रापलीकडच्या विद्यापीठाचा असू दे, आयोजकाने कार्यक्रमाच्या आधी आरसीआयची मान्यता घेतली नसेल तर तो हिशोबात नाही. तेव्हा पैसे भरायच्या आधी एवढंच विचारायचं, मान्यतेचं पत्र पाठवा. 'प्रोसेसमध्ये आहे मॅडम' असं उत्तर आलं की पैसे पर्समध्येच ठेवायचे. पॉइंट नाहीत म्हणजे कोर्स वाईट असंही नाही हं, पण मग तो शिकायला म्हणून करायचा, रिन्यूअलसाठी म्हणून नाही, आणि हे आधीच माहीत असलं की नंतर चिडचिड होत नाही.

आता बटण. तुझ्या पत्रातलं हेच मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

तू लिहिलंयस 'सांगितलेलं सगळं केलं', म्हणजे कामाचे तुकडे केले असणार, शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात केली असणार, आधी हात धरून मग हळूहळू मदत कमी. बरोबर आहे, पुस्तकात हेच आहे. पण मला तीन गोष्टी सांग. एक, तू त्याच्या समोर बसतेस का मागे? समोर बसलीस तर तुझे हात उलटे चालतात, त्याच्या बोटांना मिळणारी दिशा त्याची नसतेच मुळी, तुझी असते. मागे बस, किंवा बाजूला, आणि तुझे हात त्याच्या हातांच्याच दिशेने पुढे येऊ देत. दोन, सराव कशावर करतेस? लाकडी चौकटीवर कापड ताणलेलं असतं ना आपल्या सगळ्यांच्या शाळेत, त्यावर पोरं पटापट बटणं लावतात आणि स्वतःच्या शर्टाशी आली की अडतात, कारण चौकट समोर असते आणि शर्ट अंगावर, सगळं उलटं झालेलं असतं. कापड ताणलेलंही नसतं. चौकटीवर जमलं म्हणजे अंगावर जमलं असं नाही, अंगावरचं वेगळं शिकवावं लागतं. मोठं बटण, जरा जाड कापड, काज सैल, आणि पोटाजवळचं बटण, जे त्याला मान खाली घातली की दिसतं. गळ्याजवळचं सगळ्यात शेवटी, ते तुलामलाही न बघताच लावावं लागतं.

तिसरी गोष्ट स्क्रीनवर कधीच दिसत नाही. हाताचा दाब. तू त्याचा हात धरतेस तेव्हा किती जोर लावतेस? व्हिडिओत ट्रेनर हात धरताना दिसतो, पण तो नुसता टेकवलाय का दाबलाय का ओढतोय हे बघणाऱ्याला कळायला मार्गच नाही. माझी स्वतःची गोष्ट सांगते. मी नवी होते तेव्हा आमच्या शाळेत एक सीनिअर बाई होत्या, फार बोलायच्या नाहीत. मी एका मुलीला चमच्याने खायला शिकवत होते, दोन महिने, आणि मला वाटायचं तिला येतच नाही. एक दिवस बाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या हातावर त्यांनी हात ठेवला, म्हणजे खाली मुलीचा हात, त्यावर माझा, त्यावर त्यांचा. आणि म्हणाल्या, सोड. मी थोडं सोडलं. अजून सोड. मी म्हटलं बाई सांडेल. सांडू दे, सोड. तेव्हा मला कळलं की दोन महिने चमचा मी उचलत होते, ती मुलगी नुसता हात उसना देत होती.

तुझंही तेच होत असेल असं मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, पण बघता येईल. मैत्रिणीला सांग, फक्त हातांचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढ म्हणावं, चेहरा नको, आवाज नको. रात्री शांतपणे बघ. त्याच्या अंगठ्याचं टोक दाबताना पांढरं पडतंय का? पडत असेल तर जोर त्याचा, नाहीतर तुझा. मग मदत पंजावरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर, असं करत ने. आणि आयईपीमध्ये, म्हणजे त्याच्या एकट्याच्या शिक्षणाच्या आराखड्यात, 'बटण लावेल' एवढंच लिहिलं असशील तर ते खोड. 'शर्टाचं मधलं बटण, कुणी हाताला स्पर्श न करता, पाचपैकी चार वेळा' असं लिही, म्हणजे तुझ्याऐवजी दुसऱ्या बाई वर्गावर आल्या तरी त्यांना कळेल पोरगं कुठवर आलंय. व्हिडिओ काढायच्या आधी आईवडिलांची लेखी परवानगी घ्यायची आणि तो शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही, हे वेगळं सांगायला लागू नये पण लागतं, गेल्या वर्षी मी असे किती बघितलेत विचारू नकोस.

ऑनलाइन ट्रेनिंगला मी नावं ठेवतेय असं समजू नकोस. एफएसीपीची चेकलिस्ट, म्हणजे मुलाला काय काय येतं ते तपासायची यादी, भरायची कशी, ध्येय लिहायचं कसं, कायदा काय म्हणतो, हे मी तर म्हणेन ऑनलाइनच बरं शिकता येतं, थांबवून, मागे नेऊन, चहा करता करता. पण बाराव्या कोर्सला नाव घालण्याआधी त्यांना विचार, माझा वर्गातला व्हिडिओ कुणी बघणार आहे का आणि त्यावर माझ्याशी बोलणार आहे का. हो म्हणाले तर जरूर जा, पॉइंट असोत नसोत.

प्रश्न : नमस्कार ताई, मी मुळशी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. दुसरीत एक स्वमग्न (ऑटिझम असलेला) मुलगा आलाय. मी साधं डीएड केलेला माणूस, मला यातलं काही येत नाही. वरून सांगितलं दीक्षावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या ॲपवर, कोर्स करा, केला, पासही झालो. पण घंटा झाली की तो कान दाबतो आणि पळत सुटतो, परवा ओढ्यापर्यंत गेला. शाळेत रेंज नाही, वर देवळापाशी येते. काय करू?

सर, पहिलं म्हणजे ओढा. त्याचं दप्तर दाराच्या उलट्या बाजूला ठेवा, बसायची जागाही तिकडेच, आणि घंटेच्या वेळी दाराशी कुणीतरी मोठं उभं राहू दे. बाकी सगळं नंतर.

दीक्षा २०१७ मध्ये आलं आणि निष्ठा, म्हणजे केंद्र सरकारचं शिक्षकांचं ट्रेनिंग, २०१९ मध्ये समोरासमोर सुरू होऊन २०२० मध्ये दीक्षावर ऑनलाइन गेलं. ते देशभरच्या लाखो शिक्षकांसाठी आहे. परीक्षेत ७० टक्के पडले की सर्टिफिकेट मिळतं. त्यातून समावेशक वर्ग, जिथे दिव्यांग मुलं बाकीच्यांसोबतच शिकतात, म्हणजे काय हे कळतं, पण तुमच्या वर्गातला हा एक मुलगा का पळतो हे त्यात कुठून असणार, ते तुम्हालाच शोधायचंय आणि ते तसं अवघड नाही. एक वही करा. तीन रकाने. पळायच्या आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. दोन आठवडे फक्त लिहा, उपाय काही करू नका. तुमच्या पत्रावरून मला दिसतंय की आधी घंटा आहे आणि नंतर शांतता मिळतेय. म्हणजे पळणं हा त्याचा व्रात्यपणा नाही, तो त्याने काढलेला उपाय आहे, आणि हातात दुसरा उपाय दिल्याशिवाय पहिला काढून घेता येत नाही.

तुमच्याकडेही घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडाच असणार, तो आवाज मलाही सहन होत नाही. जमलं तर काही दिवस हाताने टाळी वाजवून बघा. नाहीच जमलं तर घंटेच्या आधी दोन मिनिटं त्याला चित्र दाखवा, घंटेचं चित्र आणि पुढे जे होणार त्याचं, खाऊचं किंवा घरचं, आणि व्हरांड्याच्या लांबच्या टोकाला बसायला घेऊन जा. 'बाहेर' असं एक कार्ड करा, ते दिलं की त्याला लगेच बाहेर नेलंच पाहिजे, सुरुवातीला तर दिवसातून वीस वेळा दिलं तरी. कान दाबतो ते हात खाली ओढू नका.

आता ट्रेनिंग. दीक्षाचं ॲप असेल तर सकाळी देवळापाशी उभं राहून धडा डाउनलोड करून घ्या, शाळेत नेट नसलं तरी दिसतो. पण पुढचा कोर्स लगेच नको. त्याऐवजी तालुक्याच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात त्यांना वहीच्या पानांचे फोटो पाठवा, आणि आठवड्यातून एकदा देवळापाशी बसून पंधरा मिनिटं फोन करा. माझ्या मते तुमच्यासाठी खरं ऑनलाइन ट्रेनिंग ते आहे. निदान झालंय असं तुम्ही लिहिलेलं नाही, एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲप आहे, त्यात शिक्षकाला भरायच्या यादीवरून अंदाज येतो, पण तो अंदाजच, निदान डॉक्टरांचं. तिथून पुढे त्याला पुण्यात औंधच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं.

आणि एक, हे सगळं तुम्ही एकट्याने का करायचं असा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण मी विचारते. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सांगितलं की प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक पाहिजे आणि त्याच्या वरच्या वर्गांना पंधरामागे एक, मग मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदं जाहीर करा म्हणून पुन्हा सांगावं लागलं. ती पदं भरून तुमच्या शाळेच्या पायरीपर्यंत माणूस येईल तेव्हा येईल. तोवर वही.

प्रश्न : आमची ऑनलाइन ट्रेनिंग कायम रविवारीच का ठेवतात? तीन जणींच्या वतीने विचारतेय. – कोथरूड

कारण सोमवारी ठेवलं तर शाळेला बदली बाई बघाव्या लागतात आणि रविवारी तुमचा वेळ फुकट मिळतो. मुख्याध्यापकांना तिघींनी मिळून लेखी विचारा, बदली सुट्टी देणार का. एकटीने विचारू नका.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची, तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा नाही. मी हडपसरला राहते, बीकॉम आहे, नोकरी सोडली. तिच्यासोबत इतकी वर्षं राहून मलाच आता खूप समजायला लागलंय. इन्स्टाग्रामवर एक जाहिरात बघितली, तीन महिन्यांत घरबसल्या स्पेशल एज्युकेटर व्हा, १८ हजार रुपये. करू का? पुढे घरीच सेंटर काढायचा विचार आहे.

नका करू. इतकं सरळ एरवी मी सांगत नाही.

तुमचं समजणं खोटं आहे असं नाही, तुमच्या मुलीबद्दल तुम्हाला जेवढं कळतं तेवढं मला कधीच कळणार नाही. पण दुसऱ्यांच्या मुलांसाठी विशेष शिक्षिका म्हणून फी घेऊन काम करायचं तर आरसीआयच्या रजिस्टरमध्ये नाव लागतं, आणि ते मान्यता असलेल्या डिप्लोमा किंवा बीएडनंतर मिळतं, ज्यात मुलांसोबत प्रत्यक्ष काम करायचे तास असतात. तीन महिन्यांच्या व्हिडिओंनी ते नाव लागत नाही. रजिस्टरमध्ये नाव नसताना असं काम केलं तर आरसीआयच्या त्याच १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही लिहिलंय. हजार रुपये म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण प्रश्न तो नाहीच. सेरेब्रल पाल्सीमध्ये प्रत्येक मुलाचा ताठरपणा वेगळा, एकाला ज्या पद्धतीने मांडीवर बसवलं की घास नीट गिळता येतो त्याच पद्धतीने दुसऱ्याला ठसका लागून घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. हे शिकायला बाजूला कुणीतरी जाणतं उभं लागतं. वर बटणाचं लिहिलंय ना, तेच, फक्त इथे चूक महाग पडते.

मग काय करायचं? तुम्ही पदवीधर आहात, दोन वर्षं काढता येत असतील आणि मुलीला सांभाळायला घरात कुणी असेल तर मान्यताप्राप्त विशेष बीएडची चौकशी करा, आरसीआयच्या वेबसाइटवर मान्य संस्थांची यादी असते, ती स्वतः बघा, एजंटला विचारू नका. ते नको असेल तर आई म्हणून शिकायच्या कितीतरी गोष्टी ऑनलाइन फुकट आहेत, आणि त्या शिकताना तुमच्या फिजिओथेरपिस्टला व्हिडिओ कॉलवर दाखवत चला, मी अशी बसवते, बरोबर आहे का. १८ हजारांत मुलीची चांगली खुर्ची होते, मापाची, पाय टेकणारी. तेवढं मात्र करा.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे, पुण्यात एका शाळेत शिकवतो. ऑनलाइन ट्रेनिंगला बसतो तर सगळं विशेष शिक्षणाचंच असतं आणि ट्रेनर म्हणतात 'इथे बघा', 'हा आकडा बघा', 'हे असं करायचं'. नंतर पीडीएफ पाठवतात, ती स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, वाचत नाही. सांगितलं तर म्हणतात मराठी आहे म्हणून प्रॉब्लेम येतो. खरं का हो?

अजिबात खरं नाही सर. हे उत्तर मी ट्रेनिंग घेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय आणि त्यात मीही आले.

२०२० मध्ये मी पहिलं ऑनलाइन ट्रेनिंग घेतलं, दोन तास, ९२ स्लाइड. सगळे कॅमेरे बंद, कुणाच्या तरी माइकवरून फोडणीचा आवाज येत होता आणि मी आपली बोलतेय. संपल्यावर एका कर्णबधिर शिक्षिकेचा मेसेज आला, मॅडम मला पहिली दहा मिनिटं समजली. पहिली दहा मिनिटं खुणांच्या भाषेची दुभाषी दिसत होती, मग मी स्लाइड लावल्या आणि तिची चौकट टिकलीएवढी झाली, नंतर दिसेनाशीच झाली. दोन तास मी समावेशनावर बोलले होते. लाज वाटली. आता दुभाषीची खिडकी सगळ्यांसाठी मोठी अडकवून ठेवते, तिच्या मागे साधी भिंत, उजेड समोरून, आणि कंबरेपासून वर सगळी दिसेल अशी, कारण खुणा काही चेहऱ्यापाशीच होत नाहीत. स्लाइड ९२ च्या १४ झाल्या. कुणी तक्रार केली नाही.

पीडीएफचं कारण मराठी नाही, फॉन्ट आहे. आपल्याकडे अजून कितीतरी ऑफिसात आणि छापखान्यात श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. ते डोळ्यांना मराठी दिसतं पण कॉम्प्युटरच्या आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, स्क्रीन रीडर तीच वाचतो, म्हणून तुम्हाला भलतंच काहीतरी ऐकू येतं. युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर आतही मराठीच राहतं अशा पद्धतीत, टाइप केलं की एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडरसुद्धा, जो फुकट आहे, मराठी वाचतो. दुसरा प्रकार म्हणजे कागदाचा फोटो काढून त्याचीच पीडीएफ करायची, त्यात अक्षरं नसतातच, चित्र असतं. तेव्हा पुढच्या वेळी 'पीडीएफ वाचता येत नाही' असं नका सांगू, 'युनिकोडमधली वर्ड फाइल पाठवा, आणि ट्रेनिंगच्या आदल्या दिवशी पाठवा' असं सांगा. कायदा तुमच्या बाजूला आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारच्या दिव्यांगांना लागू आहे आणि माहिती तुम्हाला वापरता येईल अशा स्वरूपात मिळणं त्यातच धरलंय. आधी गोडीत सांगा, नाही ऐकलं तर लेखी.

राहिलं 'इथे बघा'. ट्रेनिंग घेणाऱ्यांनी एक करून बघावं, आपलंच रेकॉर्डिंग स्क्रीन पालथी ठेवून ऐकावं. मी ऐकलं. वीस मिनिटांत सतरा वेळा 'हे' आणि 'इथे' म्हटलं होतं आणि एकदाही काय ते सांगितलं नव्हतं. आता म्हणते, 'मुलाचा उजवा हात टेबलावर आहे, शिक्षिका त्याच्या मागे उभी आहे, तिचा हात त्याच्या मनगटावर आहे, पंजावर नाही.' आणि गंमत बघा, असं सांगायला लागल्यापासून डोळस शिक्षिकांचेही फोन येतात, आज पहिल्यांदा कळलं हात नेमका कुठे ठेवायचा ते.